वालाला रोज पाणी घालणारी बाई

शाळेच्या वेळापत्रकात एक तास असा असतो, जो शिकवायला कोणालाच नको असतो आणि उसना घ्यायला मात्र सगळ्यांना हवा असतो. गणिताचा अभ्यासक्रम मागे पडला, घ्या तो तास. गॅदरिंगचा नाच बसवायचाय, घ्या तो तास. त्याचं नाव कार्यानुभव. मुलांनी स्वतःच्या हातांनी काहीतरी करावं म्हणून हा विषय ठेवलेला होता आणि बहुतेक शाळा तो मेणबत्त्या, खडू आणि फिनेल एवढ्यावर भागवत. त्यातल्या त्यात फिनेल लाडकं, कारण ते शाळेच्याच मुताऱ्यांना उपयोगी पडायचं.

हा नकोसा तास मी नोकरीत असेपर्यंत दरवर्षी भांडून मागून घेतला आणि त्या तासाला पनवेलच्या मुलांना भाजी पिकवायला शिकवलं. आता निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. बाजारात जुने विद्यार्थी भेटतात. "बाई, तुम्ही आम्हाला प्रकाशाचं अपवर्तन काय छान शिकवलंत," असं त्यांतलं कोणीही कधी म्हणत नाही. "बाई, तो मुळा आठवतो का?" असं म्हणतात. विज्ञानाची शिक्षिका म्हणून मला याचं वाईट वाटायला हवं. वाटत नाही.

माझं माहेर मिरजेजवळचं, कृष्णाकाठचं. वडील आणि दोन्ही भाऊ ऊस करणारे. लग्न झालं, नवऱ्याची बदली झाली आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आम्ही नवीन पनवेलच्या दोन खोल्यांत येऊन पडलो. तेव्हा तिथे इमारती कमी आणि खडीचे ढीग जास्त होते. शाळाही नवीच, रंगाचा वास न गेलेली. शिक्षकांच्या पहिल्याच सभेत मुख्याध्यापक परांजपे सरांनी विचारलं, "जाधव बाई, कार्यानुभवात काय घेणार?" मी म्हटलं, "भाजीपाला." माझ्या शेजारच्या बाईंना चहाचा ठसका लागला.

मुलं सगळी गिरगाव, परळ, डोंबिवली सोडून मोठ्या जागेसाठी इकडे आलेल्या नोकरदारांची. हुशार, चुणचुणीत आणि जमिनीबद्दल संपूर्ण अडाणी. बटाटा जमिनीखाली लागतो हे त्यांनी पुस्तकात वाचलं होतं, त्यामुळे मग बाकीचंही सगळं तिथेच लागत असणार असा त्यांचा हिशेब. वांगं झाडाला लागतं की जमिनीत, यावर सहावी ब मध्ये मी हात वर करायला लावले. जमिनीत म्हणणारे भरघोस मतांनी निवडून आले.

पहिलं वर्ष फुकट गेलं. इमारतीसमोर मोकळी जागा होती, तिथे मी मोठ्या थाटात वाफे पाडायला घेतले. ती सगळी जमीन भरावाची. डोंगर फोडून आणलेला मुरूम टाकून वर रोलर फिरवलेला. कुदळ मारली की ती टणकन उडून परत आपल्याच अंगावर यायची. तरी आम्ही माती आणून, शेणखत घालून मेथी पेरली. ती दोन बोटं वाढली, पिवळी पडली आणि तिने मान टाकली. मुलांनी मेथीसाठी दोन मिनिटं शांतता पाळली. मी सांगितलं नव्हतं, त्यांचं त्यांनीच ठरवलं.

तेव्हा हिराबाई पहिल्यांदा माझ्याशी आपणहून बोलल्या. हिराबाई आमच्या शाळेच्या मावशी. घंटा देणं, पिण्याचं पाणी भरणं, वर्ग झाडणं ही त्यांची कामं. जवळच्याच गावातल्या, आगरी. त्यांच्या घरची शेती नव्या वसाहतीत गेली होती आणि त्या शाळेत नोकरीला लागल्या होत्या. झाडू काखेत धरून त्या म्हणाल्या, "बाई, ह्यो डोंगर हाय. डोंगरात मेथी व्हते काय? मागं या माज्यासंगती."

शाळेच्या मागच्या कुंपणालगत एक पट्टा सखल राहिला होता. तिथपर्यंत भराव पोचलाच नव्हता. जुन्या भातशेताचा अर्धा बांधसुद्धा शाबूत होता. काळी, चिकट माती, उन्हाळ्यात भेगा पडणारी. पावसानंतर तिथे आम्ही मुळा, मेथी, भेंडी लावली आणि जे उगवलं ते बघून माझा माहेरचा अभिमान जागा झाला. हे सगळं मीच केलं अशा थाटात मी शाळेभर फिरत होते. जागा हिराबाईंनी दाखवली हे मी सांगायला विसरले नाही, पण जरा हळू आवाजात सांगायची.

शहरातल्या मुलांना भाजी पिकवायला शिकवताना कीड, रोग, पाऊस यांची भीती नसते. भीती असते ती उत्सुकतेची. पेरल्यावर चौथ्या दिवशी मुलं बी उकरून बघतात की ते काय करतंय. मुळा तर रोज उपटून, बोटाने मोजून, परत खोचून ठेवतात. ओरडून उपयोग होत नाही, कारण ती तुमच्या पाठीमागे बघतात. मी शेवटी एक युक्ती काढली. प्रत्येक वाफ्यात एक ओळ वेगळी ठेवायची. तिचं नाव चौकशीची ओळ. हवा तेव्हा त्यातला मुळा उपटा, चिरा, वास घ्या, काय वाटेल ते करा. बाकीच्यांना हात लावायचा नाही. या युक्तीने आमचे मुळे वाचले. मला आयुष्यात कुठलं बक्षीस मिळालं नाही, पण कधी द्यायचंच झालं तर या ओळीसाठी द्यावं.

दुसरी अडचण अशी की मुलं झाडांना नावं ठेवायची. भेंडीच्या एका झाडाचं नाव बंड्या होतं. बंड्याच्या भेंड्या तोडायची वेळ आली तेव्हा मुली हात मागे बांधून उभ्या राहिल्या. शेवटी बंड्याच्या भेंड्या झाडावरच जून झाल्या आणि आम्ही त्या बियाणं म्हणून ठेवल्या. त्यामुळे पुढच्या वर्षी बागेत बावीस बंड्या होते.

आणि तिसरी अडचण पालकांची. रश्मी सामंत नावाची सहावीतली मुलगी होती. बारीक, दोन वेण्या, प्रत्येक गोष्ट वहीत लिहून ठेवणारी. एका सकाळी तिचे वडील प्लॅस्टिकच्या पिशवीत तिचा चिखलाने माखलेला स्कर्ट घेऊन शिक्षकखोलीत आले. मुंबईत बँकेत होते ते. स्कर्ट माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "बाई, मी मुलीला शाळेत शिकायला पाठवतो, शेतमजुरी करायला नाही."

माझ्या जिभेला हाड नाही हे आमच्या घरी सगळ्यांना माहीत आहे. मी म्हटलं, "काल रात्री जेवलात ना, सामंत? ते कोणीतरी चिखलात हात घालूनच पिकवलेलं होतं." ते ताडकन निघून गेले. संध्याकाळी मी रश्मीबरोबर पाल्यासकट चार मुळे पाठवले. दुसऱ्या दिवशी पिशवी रिकामी आणि धुऊन परत आली. निरोप काही नव्हता. मी तो समेट समजले. तो समेट नव्हता हे पुढे कळलं.

नव्वदनंतर दोन-तीन वर्षांत सगळीकडे कॉम्प्युटरचं वारं आलं. पालक-शिक्षक संघाच्या सभेत सामंतांनीच विषय काढला, की शाळेला कॉम्प्युटरची खोली हवी आणि बांधायला मागचा पट्टा रिकामाच आहे. रिकामा! त्या वेळी तिथे पडवळाचा मांडव उभा होता. मी उठून बोलायला लागले तसा परांजपे सरांनी हात वर केला. सर सज्जन, पण दोन्ही बाजूंना मान डोलावणारे. ते म्हणाले, "जानेवारीत तपासणी आहे. खात्याचे साहेब येतील. त्यांनी बागेबद्दल चांगला शेरा दिला तर जागा बाईंची. नाही तर खोली बांधू." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण शेऱ्याबद्दल मला खात्रीच होती.

पडवळ, भेंडी दिवाळीपर्यंत संपलं. आता असं काहीतरी हवं होतं जे जानेवारीत ऐन भरात असेल. हिराबाईंनी घरून पदरात बांधून वालाचं बियाणं आणलं. हा आपल्या इकडचा कडवा वाल. पनवेल-उरणकडे भाताची कापणी झाली की त्याच शेतात वाल टाकतात, हे मी तेव्हा नुसतं ऐकून होते. तीस मुलांनी तीस ओळी टोकल्या, म्हणजे बोटाने भोक पाडून त्यात दोन-दोन दाणे सोडले आणि माती सारली. आठवड्यात रोपं वर आली.

आता इथे मी जे केलं ते कृष्णाकाठची माणसंच करू शकतात. आमच्याकडे पीक म्हणजे पाणी. पाटाला पाणी आलं की माझे वडील जेवणाच्या ताटावरून उठून जायचे. रोप दिसलं की त्याला पाणी घालायचं हे माझ्या हातापायांत भिनलेलं. मी मुलांना नियम घालून दिला, सकाळी एकदा, मधल्या सुट्टीत एकदा. मुलं तर माझ्याही पुढे. प्रत्येकाच्या गळ्यात वॉटरबॅग असायची. शाळा सुटताना तिच्यात उरलेलं पाणी आपापल्या ओळीला पाजल्याशिवाय एकही मूल घरी जात नसे. कोणी कोणी तर स्वतः तहानलेलं राहून पाणी वाचवायचं.

हिराबाई एकदा घंटा देऊन परत येताना थांबल्या. म्हणाल्या, "बाई, वालाला पानी नको. त्याला दव पुरतं."

मी हसले. म्हटलं, "हिराबाई, दवावर कुठे पीक येतं का?"

त्या वर्ग झाडायला निघून गेल्या. ज्या बाईने मला जमीन दाखवली तिचं मी एवढ्या सहज उडवून लावलं. आज आठवलं तरी माझे कान तापतात.

वाल फोफावला. कमरेएवढा. पानं हाताच्या पंजाएवढी, गडद हिरवी. येणारा-जाणारा थांबून बघायचा. परांजपे सर दोनदा येऊन "वा, वा" करून गेले. डिसेंबर संपला. जानेवारी लागला. पनवेलच्या बाजारात गावाकडच्या बायका वालाच्या शेंगांच्या टोपल्या घेऊन बसायला लागल्या. आमच्या वालाला फूलसुद्धा नव्हतं.

मी शेणखत वाढवलं. पाणी वाढवलं. आणखी पानं आली.

तपासणी शनिवारी होती. गुरुवारी संध्याकाळी मी एकटीच वाफ्यात उभी राहिले आणि पानं वर करकरून बघितली. एक शेंग नाही. डोळ्यांसमोर शेरा दिसत होता, आणि शेऱ्याच्या मागे विटा, सिमेंट आणि कोबा. मला रडू आलं. माझ्या हातून माझी बाग जाणार, एवढंच त्या वेळी डोक्यात होतं. घरी जाताना मी बाजारात वळले आणि चार किलो वालाच्या शेंगा घेतल्या.

शुक्रवारी मधल्या सुट्टीनंतर शिवणाच्या बाईंकडून हिरव्या दोऱ्याची रिळं आणली आणि तीस मुलांना वाफ्यात बसवलं. प्रत्येक फांदीला दोन-तीन शेंगा, गाठ पानाखाली लपेल अशी. मुलांना काय, हस्तकलाच. अशी रमली होती की घंटा झाली तरी उठेनात. कोणी गाठीवर माती लावून ती दिसेनाशी करत होतं, कोणी शेंगा जवळजवळ बांधल्या तर खऱ्या वाटत नाहीत असं शेजाऱ्याला शिकवत होतं.

रश्मी मात्र हातात शेंगा घेऊन नुसती उभी. म्हणाली, "बाई, हे खोटं नाही का?"

"खोटं कसलं?" मी म्हटलं. "घरी गणपतीला मखर करतो ना आपण? तशी ही सजावट."

तिने थोडा विचार केला. "पण मखर झाडाला लागलं असं आपण कोणाला सांगत नाही," म्हणाली आणि शेंगा टोपलीत परत ठेवल्या. तिच्या ओळीतलं एकही रोप तिने बांधू दिलं नाही. मी तिच्यावर ओरडले नाही, पण चांगली रागावले होते. हिराबाई कुंपणाशी उभ्या होत्या. शाळा सुटल्यावर त्यांनी दोऱ्याचे सगळे तुकडे झाडून नेले.

शनिवारी सकाळी शेंगा जरा मलूल दिसत होत्या, म्हणून मी त्यांच्यावर पाणी शिंपडलं. अकरा वाजता साहेब आले. सफारी घातलेले, चष्म्याचे, कमी बोलणारे गृहस्थ. माणगावकडचे आहेत असं परांजपे सर वाटेत कौतुकाने सांगत होते. म्हणजे वालाच्याच मुलखातले. मुलं आपापल्या ओळीमागे उभी. साहेब हात मागे बांधून पहिल्या ओळीपासून हळूहळू पुढे आले. "हं," म्हणाले. पुन्हा "हं." रश्मीच्या ओळीपाशी थांबले.

"तुझ्याच वालाला शेंगा नाहीत गं?"

रश्मीने माझ्याकडे पाहिलं. ती बघत राहिली आणि मी मान खाली घातली. तिला जागेचं सगळं माहीत होतं. तिच्याच घरात ते रोज बोललं जात होतं. मग ती साहेबांना म्हणाली, "सर, माझं पाणी घालायचं राहिलं असेल."

एक दिवस चुकली नव्हती ती. रविवारी रिकाम्या शाळेत येऊन पाणी घालून जायची. आदल्या दिवशी जी मुलगी एक शेंग बांधायला तयार झाली नाही, ती माझ्या बागेसाठी उभ्या उभ्या खोटं बोलली आणि दोष स्वतःवर घेतला. तिच्या मानेवर लाल चट्टे उठले होते. ते मला बघवेना.

मी म्हटलं, "साहेब, तिचं काही चुकलेलं नाही. इथे खरी ओळ तेवढी तिचीच आहे. बाकीच्या शेंगा मी बाजारातून आणून बांधून घेतल्यात. मुलांनी मी सांगितलं म्हणून केलं."

परांजपे सरांचा चेहरा खडूसारखा झाला. साहेब वाकले, एक पान बाजूला केलं, गाठ बोटाने चाचपली. "दिसलं होतं मला," म्हणाले. "वालाची शेंग अशी मान टाकून लोंबत नाही." मग मुलांकडे वळून विचारलं, "पाणी किती घालता?"

तीस मुलं छाती फुगवून एका सुरात ओरडली, "रोज दोनदा!"

साहेबांनी चष्मा काढला. "बाई, तुम्ही कुठल्या?"

"मिरजेकडची."

"मग बरोबर," ते म्हणाले आणि पहिल्यांदा किंचित हसले.

शेरेबुकात त्यांनी तीन वाक्यं लिहिली. बाग चांगली आहे. शेंगा नाहीत. पाणी बंद करावे. सरांना एवढंच म्हणाले, "फेब्रुवारी संपेपर्यंत थांबा, मग खोलीचं काय ते ठरवा." मला बाजूला घेऊन ते काही बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. बोलले नाहीत.

सोमवारी मी सहावी ब समोर उभी राहिले आणि सांगितलं, की मी चुकले. पाण्याच्या बाबतीत चुकले आणि दोऱ्याच्या बाबतीत त्याहून जास्त चुकले. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. शिक्षक असं बोलतात हे त्यांना माहीत नसावं. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, मग त्याचे मार्क कापणार का?" मी म्हटलं, "माझे." सगळे दोरे मुलांनीच सोडले.

मधल्या सुट्टीत मी हिराबाईंना गाठलं. "तुम्ही मला पुन्हा का नाही सांगितलंत?"

त्या पाण्याचं पिंप घासत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "येकदा सांगितलं व्हतं. तुमी बाई, आमी झाडूवाल्या. दोनदा कसं सांगू?"

मी म्हटलं, "कार्यानुभवाच्या तासाला आता तुम्ही वाफ्यात यायचं. मी मुलांबरोबर बसते." परांजपे सरांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "शिपाई तास घेणार?" मी म्हटलं, "तास माझ्याच नावावर आहे, सर. मी हजर असते." त्यांनी सवयीने मान डोलावली.

हिराबाईंनी मुलांना जे सांगितलं ते माझ्या पुस्तकात नव्हतं, किंवा होतं आणि मी वाचलं नव्हतं. भात निघालं तरी जमिनीच्या पोटात पावसाची ओल असते. वालाचं मूळ तिला शोधत खाली जातं. वरून रोज पाणी मिळालं तर ते कशाला खाली जाईल? आणि झाडाला मजेत असताना फुलं धरायची घाई नसते. "पोटभर खातो नि लोलतो त्यो," हिराबाई म्हणाल्या. मुलं खो खो हसली आणि वर्गातल्या एका गुबगुबीत मुलाकडे बघायला लागली.

मुलांना काही करायला शिकवणं सोपं असतं. काही न करायला शिकवणं किती अवघड आहे ते त्या महिन्यात मला कळलं. उरलेलं पाणी ओतायला म्हणून मी फाटकाजवळची जास्वंद नेमून दिली. तीस वॉटरबॅगा रोज पिऊन ती जगली कशी, देव जाणे. वालाची खालची पानं पिवळी पडायला लागली. चिखल वाळून त्याला भेगा गेल्या. एके दिवशी रश्मी रडत आली, "बाई, तो मरतोय." मलाही तसंच वाटत होतं. हिराबाईंनी तिचा हात धरला आणि मनगटापर्यंत भेगेत घातला.

"काय लागतंय?"

रश्मीने डोळे पुसले. "थंड."

"मंग? त्याचं पानी हाय त्याच्याकडं."

त्या दिवशी तीसही मुलांनी भेगेत हात घालून बघितलं. मीही घातला. वर रणरणतं ऊन आणि आत गार, ओलसर माती. इतकी वर्षं शेतकऱ्याची मुलगी म्हणवून घेत होते आणि जमिनीत असा हात मी कधी घातला नव्हता.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पहिलं पांढरं फूल दिसलं. मुलांनी शाळा डोक्यावर घेतली. मग फुलं येत राहिली आणि महिन्याच्या शेवटी शेंगा धरल्या. पण थोड्या. उशीर झाला होता, पानांनीच सगळा जोर खाल्ला होता. काही ओळींत आठ-दहा, काही ओळींत दोन. परांजपे सर शनिवारी पालक-संघाच्या लोकांना घेऊन बघायला येणार होते. शुक्रवारी वर्गातला मॉनिटर माझ्याजवळ आला. शहाणा, कामसू मुलगा. हळूच म्हणाला, "बाई, खूपच कमी आहेत. थोड्या बाजारातून आणायच्या का? या वेळी आम्ही गाठी अजून बारीक मारू."

त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. तो मला मदत करत होता. मी जे शिकवलं ते तो चांगलं शिकला होता, बस. इतक्या वर्षांत कोणाच्या नापास होण्याने मला जेवढं लागलं नाही तेवढं ते लागलं. मी म्हटलं, "नाही रे. जेवढ्या आहेत तेवढ्याच."

शनिवारी सर आले, सोबत तीन पालक. त्यांत सामंत होतेच. त्यांनी सगळ्या ओळींवरून नजर फिरवली. पिवळी पानं, भेगाळलेली माती, मधेच कुठेतरी शेंगा. म्हणाले, "तीस मुलं, तीन महिने, आणि एवढंच?" खरं होतं ते.

रश्मी ओळीतून बाहेर आली. तिने वडिलांचा हात धरला, त्यांना आपल्या ओळीपाशी नेलं आणि त्यांची बोटं एका शेंगेवर ठेवली.

"बाबा, ओढून बघा."

"अगं, काय हे?"

"ओढा ना. जोरात."

सामंतांनी ओढलं. शेंग सुटली नाही. त्यांनी आणखी जोर लावला तसं अख्खं रोप हललं, मुळाशी माती तडकली, आणि मग कुठे शेंग देठासकट तुटून हातात आली. सामंतांनी ती उलटीसुलटी करून देठ बघितला. तपासणीत काय झालं होतं ते त्यांच्या कानावर गेलेलं होतंच. आणि मग एकोणतीस मुलं एकदम ओरडायला लागली, "काका, माझीपण ओढा! सर, माझी ओढा! माझी बघा, माझी!" दोनच शेंगा असलेला मुलगाही ओरडत होता. परांजपे सर धोतराचा सोगा सावरत वाफ्यात उतरले आणि प्रत्येक ओळीतली एकेक शेंग ओढत गेले. एकही पहिल्या हिसक्याला सुटली नाही. मी पदराने डोळे पुसत होते आणि ते लपवायचं मला भान नव्हतं.

सामंतांनी शेंग सोलली, कच्चाच दाणा तोंडात टाकला आणि तोंड वेडंवाकडं केलं. "कडू आहे," म्हणाले. मग सरांकडे वळून, "कॉम्प्युटरला वरच्या मजल्यावरची अडगळीची खोली रिकामी करता येईल का?" सरांनी मान डोलावली. या वेळी एकाच बाजूला.

जाता जाता सर मला म्हणाले, "मग बाई, पुढच्या वर्षी काय लावणार?"

"हिराबाईंना विचारा," मी म्हटलं.

हिराबाई कुंपणाशी झाडू घेऊन उभ्या होत्या. मुलांनी त्यांना ढकलत पुढे आणलं. मुख्याध्यापकांनी त्यांना घंटा आणि पाणी सोडून दुसरं काही विचारण्याची ती बहुधा पहिलीच वेळ. त्यांनी पदर सावरला, वाफ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"मी सांगन की, सर," त्या म्हणाल्या. "पन बाईंनी आयकाला पायजे."

सगळे हसले. मीही हसले, सगळ्यांत मोठ्याने, आणि तोंड लाल झालं ते होऊ दिलं. मग सगळ्यांसमोर म्हटलं, "ऐकेन." हिराबाई माझ्याआधी निवृत्त झाल्या. तोपर्यंतची सगळी वर्षं काय पेरायचं, कधी पेरायचं आणि पाणी कधी बंद करायचं ते त्या सांगायच्या, आणि मी मुलांच्या ओळीत बसून ते वहीत लिहून घ्यायची.